१९७५ च्या पद्मिनीला सीट बेल्ट बसवायचे आहेत, नीट कसे बसवावेत?

कृष्णाकाठ | ८ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे बाबांची १९७५ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबा गेले आणि गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी राहिली. यंदा गुढीपाडव्याला ती चालू केली. ब्रेकचे सिलिंडर, नळ्या, टायर सगळं नवीन घातलं. आता मीच चालवते. सांगली ते मिरज, कधी नरसोबाची वाडी. शेजारी आई, मागे सहा वर्षांचा भाचा.

गेल्या महिन्यात अंकलीच्या पुलाच्या अलीकडे उसाचा रिकामा ट्रॅक्टर अचानक आडवा आला. मी ब्रेक दाबला. वेग चाळीसही नव्हता. धडक झाली नाही, पण आई पुढे गेली आणि तिचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. पद्मिनीचा डॅशबोर्ड पत्र्याचा, त्याला गादी-बिदी काही नाही. चार दिवस टेंगूळ होतं. भाचा मागच्या सीटवरून खाली पायांच्या जागेत पडला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गाडीला एकही पट्टा नाही. नेहमीच्या गॅरेजमध्ये विचारलं तर मिस्त्री म्हणाले, "ताई, सीटच्या रेल्वेचे, म्हणजे सीट सरकते त्या रुळांचे, बोल्ट आहेत ना, त्यालाच अडकवून देतो. दोन तासांत गाडी न्या." मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे सांगताही येईना. ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढची सीट अखंड बाकासारखी आहे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे.

---

पाना_दहा | ८ जून, रात्री १०.१५

ताई, गाडी तिथून परत आणलीत हे उत्तम केलंत. सीटच्या रेल्वेचे बोल्ट फक्त सीट जागेवर राहावी म्हणून असतात. माणसाचा भार झेलायला नसतात.

हिशेब बघा. सत्तर किलोचा माणूस, गाडी ताशी ५० किमीवर. समोर धडक झाली की गाडीचा चेपलेला भाग आणि पट्ट्याचा ताण मिळून माणूस साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरमध्ये थांबतो असं धरा. त्यासाठी लागणारा सरासरी जोर दीड टनाच्या आसपास येतो. ही सरासरी झाली, मधल्या एका क्षणाला तो याहून जास्त असतो. आता दीड टन ओढणाऱ्या दोरीचं टोक त्या रेल्वेच्या बोल्टला बांधलंय अशी कल्पना करा. सीट, रेल्वे आणि माणूस एकत्रच पुढे येतील, वर बाकाचं वजनही पाठीवर.

पट्टा नेहमी गाडीच्या अंगाला बांधायचा, सीटला कधीच नाही.

---

जीपवेडा | ९ जून, सकाळी ७.०५

माझ्या जुन्या जीपला मी कमरेचे दोन टोकांचे पट्टे लावलेत. जीपला वर पिलर, म्हणजे दाराशेजारचा छतापर्यंतचा खांब, नाही, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता. खाली चॅसिसचे आडवे दांडे आहेत, बोल्ट थेट तिथे नेले. पद्मिनीलाही चारही जागी कमरेचेच पट्टे लावले तर पिलर फोडायची गरज नाही. काम सोपं, खर्च कमी.

---

हाडवैद्य | ९ जून, दुपारी १.३०

जीपवेडा, जीपसाठी ठीक आहे, पण पद्मिनीत पुढच्या सीटला फक्त कमरेचा पट्टा लावू नका. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, म्हणून कळकळीने लिहितो.

कमरेचा पट्टा कंबर धरतो, धड धरत नाही. माणूस कमरेतून घडी पडल्यासारखा पुढे वाकतो आणि पत्र्याच्या डॅशबोर्डवर तोंड आपटतं. चालवणाऱ्यापुढे तर स्टिअरिंगचा सरळ, न दुमडणारा दांडा आहे. आजच्या गाड्यांचा दांडा धडकेत आत सरकतो, हा छातीकडे येतो.

दुसरी गोष्ट, पट्टा पोटावर चढला तर आतडी फाटतात आणि कंबरेचा मणका आडवा तुटतो. अशा जखमा मी उघडून पाहिल्या आहेत. पट्टा ओटीपोटावर नाही, खाली कमरेच्या हाडाच्या दोन टोकांवर, मांड्यांना टेकून बसला पाहिजे. त्यासाठी खालची बोल्टची जागा नेमकी हवी. पट्टा सीटच्या मागच्या कोपऱ्यातून तिरका खाली गेला पाहिजे. तो जमिनीला आडवा जात असेल तर धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो.

पुढे कंबर आणि छाती दोन्ही धरणारा तीन टोकांचाच पट्टा लावा. १९५९ मध्ये व्होल्व्होच्या निल्स बोहलिन यांनी तो बनवला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं. साठाहून जास्त वर्षांत त्यापेक्षा साधं आणि चांगलं काही निघालेलं नाही.

---

जीपवेडा | ९ जून, दुपारी ३.००

डॉक्टर, मान्य. माझं वरचं म्हणणं बंद गाडीसाठी मागे घेतो.

---

पत्रेवाला_कोल्हापूर | ९ जून, रात्री ११.२०

आमच्या वडिलांनी कोल्हापुरात तीस वर्षं डेंटिंगचं काम केलं. त्यांच्या हाताखाली मी फियाट आणि पद्मिनीचे किती फ्लोअर बदलले त्याची मोजदाद नाही. त्यामुळे ताई, बेल्ट विकत घ्यायच्या आधी माझं ऐका. आधी पत्रा बघा.

पद्मिनीला जीपच्या खाली असतो तसा वेगळा चॅसिस नाही. तिचं अंग म्हणजेच तिचा सांगाडा. फ्लोअर, दरवाजाखालची पेटी (सिल), मधला पिलर हे सगळं पातळ पत्र्याचं, घड्या घालून आणि स्पॉट वेल्डने जोडलेलं. हा पत्रा धडधाकट असेल तर गाडी भक्कम. कुजला असेल तर वरून रंग कितीही चकचकीत असो, आत काही उरलेलं नसतं.

असं करा. सीट बाहेर काढा, चटई उचला, खालची डांबरासारखी काळी शीट खरवडून काढा. कोरडा, उघडा पत्रा दिसेपर्यंत थांबू नका. मग जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टोकत जा. "टण्" आवाज आला तर पत्रा आहे. "डब्" आला तर खाली लांबी (पुट्टी) भरलीय किंवा पत्रा कागदासारखा झालाय. शंका येईल तिथे टोकाने जोरात दाबा. भोक पडलं तर बरंच झालं, आत्ता कळलं.

या तीन जागा सोडू नका:

पिलरचा पाय, म्हणजे मधला पिलर सिलला मिळतो ती जागा. पावसाचं पाणी दाराच्या रबरातून आत येऊन तिथे साठतं. सिलच्या पोटाला पाणी निघायची भोकं असतात, ती चिखलाने बुजतात आणि पेटी आतून सडते. बाहेरून वर्षानुवर्षं कळत नाही.

मधल्या बोगद्याच्या, म्हणजे गाडीच्या मधोमध फ्लोअरचा जो उंचवटा असतो त्याच्या, दोन्ही बाजू, जिथे फ्लोअर वर वळतो. बकल तिथे येणार आहेत.

आणि मागच्या सीटखालचा फ्लोअर. तिथे मागच्या चाकांचा चिखल बाहेरून बसलेला असतो.

नदीकाठची, पुरात कधी उभी राहिलेली गाडी असेल तर विशेष बघा. सांगलीत २००५ किंवा २०१९ चं पाणी आत शिरलं होतं का?

---

कृष्णाकाठ | १० जून, सकाळी ८.१०

२०१९ ला शेडमध्ये गुडघाभर पाणी होतं. दोन दिवस. बाबांनी नंतर सगळं धुऊन वाळवलं होतं. या रविवारी सीट काढते.

---

निवृत्त_अभियंता | ११ जून, दुपारी १२.४५

मी वाहनांच्या चाचण्यांशी संबंधित काम अनेक वर्षं केलं. वरचे प्रतिसाद योग्य दिशेने आहेत, आता जोडणीबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

गाडीच्या नमुन्याला मान्यता देताना पट्ट्याच्या बोल्टच्या जागांची वेगळी चाचणी होते. माणसाच्या धडाच्या आणि मांड्यांच्या आकाराचे ठोकळे पट्ट्यात घालून ते पुढे ओढतात. छातीच्या पट्ट्यावर सुमारे १३५० किलोचा जोर आणि कमरेच्या पट्ट्यावर तेवढाच, दोन्ही एकाच वेळी. पत्रा वाकला, थोडा फाटला तरी चालतो, पण ठरलेला जोर ठरलेला वेळ टिकला पाहिजे आणि बोल्ट सुटून बाहेर येता कामा नये. घरी ही चाचणी करता येत नाही. ट्रॅक्टरने ओढून बघू, असं कोणी सुचवलं तर करू नका. त्याने चांगली जोडणीही कमजोर होते आणि बाहेरून दिसत नाही. आपल्या हातात एकच आहे, चाचणीत पास होणाऱ्या रचनेची पद्धत पाळणं.

प्लेट. नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट आणि वायसर लावला तर धडकेत वायसर पत्र्यातून आरपार येतो. म्हणून मागे पोलादी प्लेट हवी. मोटार शर्यतींच्या नियमांत जोडणीच्या प्लेटचं किमान माप ४० चौरस सेंटिमीटर आणि ३ मिमी जाडी असं आहे. तेच धरा, म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटर बाजूचा चौकोन, एक सूत जाड. मी स्वतः जुन्या पत्र्याला याहून मोठी घेईन. कोपरे गोल करा, कडा घासा, नाहीतर प्लेटची कडच पत्रा कापते. प्लेट पत्र्याच्या त्या बाजूला बसली पाहिजे की पट्टा ओढला जाताना ती पत्र्यावर दाबली जाईल. फ्लोअरसाठी ती गाडीच्या खालून येते. आतून, चटईखाली लावलेली प्लेट दिसायला छान, पण ती ओढून उपटली जाते.

बोल्ट. जगभर पट्ट्यांचा बोल्ट ठरलेला आहे: ७/१६ इंच, यूएनएफ, इंचाला २० आटे. आपल्याकडच्या भाषेत साडेतीन सूत, बारीक आट्याचा. पट्ट्यासोबत येतो तोच वापरा. त्याला मानेजवळ खांदा असतो, त्यामुळे बोल्ट पूर्ण कसला तरी पट्ट्याची पट्टी त्याभोवती फिरू शकते आणि ओढीच्या दिशेला वळते. साधा बोल्ट कसला तर पट्टी जाम होते आणि तिरक्या ओढीत बोल्टवर मुरड येते. बदली बोल्ट घ्यावाच लागला तर डोक्यावर ८.८ किंवा तीन रेघांची खूण बघून घ्या. बारा मिमीचा मेट्रिक बोल्ट जवळपास बसतो म्हणून ठोकू नका. आटे मरतात.

बोल्टला वेल्डिंग कधीही करू नका. ताकदीचा बोल्ट तापला की त्याचं पाणी उतरतं.

वरची जागा. छातीचा पट्टा खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित वरून यायला हवा. खांद्याच्या खालून मागे गेला तर धडकेत तो खांद्यावर खाली दाब देतो आणि तो दाब मणक्यावर जातो. तुमच्या आई उंचीने कमी असतील तर पट्टा गळ्याला घासेल, तेही बरोबर नाही. जागा नक्की करताना दोघींनाही सीटवर बसवून खडूने खूण करा, मग ड्रिल उचला.

पिलर. हे सगळ्यात कठीण. पिलर म्हणजे पोकळ पेटी. आतल्या पत्र्याला भोक पाडून नट बसवला की काम झालं असं वाटतं, पण तो नट एका पातळ पत्र्याला लटकलेला असतो. पिलरचा आतला पत्रा खिडकीसारखा कापून, नट जोडलेली प्लेट आत सरकवून, ती कडेने आणि छिद्रांतून वेल्ड करून खिडकी परत बंद करावी लागते. हे काम हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

कायद्याने पुढचे पट्टे कंपनीनेच द्यायचे, हे १९९४ पासून आलं. त्यानंतरची एखादी पद्मिनी कुठे भंगारात किंवा कोणाच्या दारात दिसली तर पिलरवरची बोल्टची जागा मोजून घ्या. कंपनीने निवडलेली जागा हाच सगळ्यात चांगला नकाशा.

---

पाना_दहा | ११ जून, दुपारी २.३०

सर, प्रिंट काढून गॅरेजात लावतो. एक भर: पट्टे नवीन घ्या, आयएस १५१४० या भारतीय मानकाची खूण बघून. भंगारातल्या अपघाताच्या गाडीचे पट्टे स्वस्तात मिळतात, पण ते एकदा ताणले गेलेले असतात. त्यांचं विणकाम एकदाच काम करतं.

---

वसईचा_फियाटवाला | १२ जून, सकाळी १०.००

एक कायद्याची शंका. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, 'व्हीए' अक्षरांची पाटी. पण अट आहे की गाडी मूळ रूपात हवी आणि चॅसिस, बॉडी शेल, इंजिनात मोठा बदल नको. पिलर कापला तर ही नोंदणी अडेल का? मी याच भीतीने माझ्या गाडीला पट्टे लावले नाहीत.

---

निवृत्त_अभियंता | १२ जून, सकाळी ११.२०

आधी ठरवा की गाडी कशासाठी ठेवायची आहे. व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पण त्या पाटीवर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच. कृष्णाकाठ ताई आईला घेऊन नरसोबाच्या वाडीला जातात. त्यांना नेहमीची नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून ठेवावी लागेल.

माझं मत विचाराल तर, मूळ रूप राखावं असं मलाही वाटतं. पण पिलरच्या अस्तराआड लपणारी एक प्लेट आणि कपाळ फुटणं यांत मला निवड अवघड वाटत नाही. तरी काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि कामाचे फोटो तारखेसह ठेवा.

---

लीड्सकर | १२ जून, संध्याकाळी ६.५०

इंग्लंडमधून लिहितोय. माझ्याकडे १९६३ ची मॉरिस मायनर आहे. इथे १ जानेवारी १९६५ च्या आधी नोंदलेल्या गाडीला पट्टे असलेच पाहिजेत असा नियम नाही, त्यामुळे कायद्याने मी मोकळा होतो. पण लहान मुलांचा नियम वाचला आणि थबकलो. पट्टे नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला नेताच येत नाही, आणि त्यावरच्या मुलाला फक्त मागच्या सीटवर.

माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. मग मागेही पट्टे बसवले. मागचं काम पुढच्यापेक्षा सोपं गेलं. खालचे बोल्ट मागच्या फ्लोअरला. भोक पाडण्याआधी गाडीखाली आडवं होऊन पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग कुठून जातं ते खडूने आखून घेतलं.

ताई, भाच्यासाठी मागचं काम टाळू नका. मागचा माणूस बांधलेला नसेल तर तो पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो.

---

हाडवैद्य | १२ जून, रात्री ९.००

लीड्सकरांशी पूर्ण सहमत. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी नवी आणि महागडी होती. त्यानंतर मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांनाही पट्टा सक्तीचा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट नसेल तर मोटार वाहन कायद्यात चालकाला दंड आहेच. पण दंडापेक्षा सहा वर्षांच्या मुलाची मान आणि पोट हा मुद्दा आहे. त्याला उंची देणारी बूस्टर सीट घ्या, म्हणजे पट्टा पोटावरून कमरेच्या हाडावर येईल.

---

कृष्णाकाठ | १६ जून, रात्री १०.३०

सीट काढली. फ्लोअर बरा आहे. बोगद्याच्या बाजूही टणटणीत वाजतात. पण डावीकडे, आई बसते त्या बाजूच्या पिलरचा पाय "डब्" वाजला. स्क्रू ड्रायव्हरने दाबलं तर आत गेला. लांबीचा तुकडा सुटून हातात आला, आत चार बोटं पत्राच नाही. वरून तोच पांढरा रंग, बाबांनी जपलेला.

म्हणजे तिथेच बोल्ट मारला असता तर आईचा पट्टा त्या लांबीला बांधला गेला असता.

---

पत्रेवाला_कोल्हापूर | १६ जून, रात्री १०.५५

ताई, घाबरू नका, हे होणारच होतं आणि दुरुस्त होतं. वरून ठिगळ लावू देऊ नका. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, नवीन पत्रा वळवून घालायचा, सीओटू वेल्डिंगने जोडायचा. गॅस वेल्डिंगने बाजूचा पत्रा जास्त तापतो आणि वाकतो. पिलर उघडलाच आहे तर नटची प्लेट त्याच वेळी आत बसवून टाका. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा, छताचं कापड ओल्या गोणपाटाने झाका, पेट्रोलची नळी बंद करा. झाल्यावर आतून मेण किंवा ग्रीसचा फवारा, बाहेरून प्रायमर आणि जोडावर सीलर. सिलची पाणी निघायची भोकं उघडी राहिली की नाही ते तारेने तपासा. पहिल्याच पावसाआधी हे झालं पाहिजे.

कोल्हापूरला आणणार असाल तर उभं राहून करून घेऊ.

---

कृष्णाकाठ | ३ ऑगस्ट, दुपारी ४.१५

उशिरा कळवते, माफ करा. गाडी कोल्हापूरला पत्रेवाला दादांकडेच नेली. डाव्या पिलरचा पाय आणि वीतभर सिल नवीन झाली. उजवीकडे फक्त खिडकी कापून प्लेट आत बसवली. बकल बोगद्यावर, खालून मोठी प्लेट लावून. बाकाची गादी अखंड असल्यामुळे आखूड ताठ बकल पुरत नव्हतं, म्हणून लांब पट्ट्याचं बकल गादी आणि पाठीच्या फटीतून वर काढलं.

एक अडचण आली. पट्ट्याची गुंडाळी (पट्टा आपोआप आत ओढून घेणारी पेटी) पिलरच्या पायाशी लावली तर पट्टा बाहेरच येईना. दादा म्हणाले गुंडाळी सदोष आहे, बदलून आणली, तेच. शेवटी निवृत्त अभियंता सरांना फोटो पाठवला.

---

निवृत्त_अभियंता | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ५.३०

इतरांसाठी इथेही लिहितो. गुंडाळीच्या आत एक छोटी गोळी किंवा लंबक असतो. गाडी झटक्याने मंदावली की तो हलतो आणि गुंडाळी अडकते. ती ज्या कोनात बसवायला बनवलीय त्याच कोनात बसली तर हे बरोबर चालतं. ताईंची गुंडाळी सरळ उभ्या जागेसाठी होती आणि पिलरचा पाय तिरका आहे, म्हणून ती कायमच अडकलेली. कोन बदलता येणारी गुंडाळी घ्यायला सांगितली. उलट चूकही होऊ शकते आणि ती जास्त धोक्याची: गुंडाळी नेहमी मोकळी चालते आणि ब्रेकच्या वेळी अडकतच नाही. म्हणून बसवल्यावर पट्टा हाताने हिसका देऊन बघा, आणि रिकाम्या रस्त्यावर ताशी वीसच्या वेगात जोरात ब्रेक दाबूनही बघा. दोन्ही वेळा तो घट्ट अडकला पाहिजे.

---

कृष्णाकाठ | १० ऑगस्ट, रात्री ८.५०

दुसरी गुंडाळी आली, कोन जुळवला, कवलापूरच्या रिकाम्या माळावर दहा वेळा ब्रेक दाबून बघितलं. दहाही वेळा अडकला. छातीचा पट्टा आईच्या गळ्याला लागत होता, म्हणून वरची जागा आधीच दीड इंच खाली धरली होती. ती आता बरोबर खांद्याच्या मध्यावर येते. मी उंच आहे, तरी मलाही तो खांद्याच्या वरूनच येतो.

मागच्या सीटचे पट्टे राहिलेत. टाकी आणि ब्रेकची नळी खडूने आखून ठेवलीय, गणपतीनंतर गाडी परत कोल्हापूरला जाईल. तोपर्यंत भाचा गाडीत बसणार नाही, हे त्याला सांगितलंय. तो रुसलाय.

वसईकर, आरटीओत लिहून दिलेल्या अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर आलं की इथेच टाकते.

---

वसईचा_फियाटवाला | १० ऑगस्ट, रात्री ९.२०

जरूर टाका. मी उद्या चटई उचलतोय.